दुरुस्तीखर्च, मोटारीचा

मोटार विकत घेतल्यानंतर ती चालती ठेवण्यासाठी सुटे भाग आणि मजुरी यांवर होणारा खर्च. इंधन, कर व विम्याचा हप्ता यांचा त्यात समावेश होत नाही. त्याचे दोन भाग पडतात : ठरावीक अंतराने करावी लागणारी देखभाल (इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी) आणि बिघाड झाल्यावरची दुरुस्ती. पहिल्या भागाचा अंदाज आधी बांधता येतो, दुसऱ्याचा येत नाही, आणि मध्यमवर्गीय कुटुंबाचा हिशेब कोलमडतो तो बहुधा दुसऱ्यामुळे. भरवशाची मोटार कमी बिघडते हे खरे; परंतु बिघडल्यावर ती कोठे, कोणाच्या हातून आणि कोणत्या भागांनी दुरुस्त होते, याला भारतात तितकेच, किंबहुना अधिक महत्त्व आहे.

पूर्वपीठिका : अ‍ॅम्बॅसिडर (उत्पादन १९५७–२०१४) आणि मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या मोटारींत बिघाड वारंवार होत, मात्र रचना साधी असल्याने आणि ती वर्षानुवर्षे फारशी न बदलल्याने गावोगावचे मिस्त्री त्या उघडून नीट करू शकत. मारुती ८०० ने बिघाडांचे प्रमाणच कमी केले. १४ डिसेंबर १९८३ रोजी तिची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली. आरंभीची किंमत सुमारे ५० हजार रुपये होती, तथापि निरनिराळ्या नोंदींत हा आकडा थोडा वेगळा आढळतो. तिचे तीन सिलिंडरांचे ७९६ घ. सेंमी. इंजिन ऑम्नीतही वापरले गेले आणि त्याच क्षमतेचे सुधारित इंजिन पुढे आल्टोत आले, त्यामुळे या कुटुंबातील गाड्यांच्या सुट्या भागांची मागणी प्रचंड वाढली, ते भाग बनवणारे अनेक पुरवठादार उभे राहिले आणि मुंबईच्या ऑपेरा हाउस परिसरापासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंतच्या बाजारांत ते सहज मिळू लागले. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, तरी तिचे सुटे भाग नंतरही मिळत राहिले. रस्त्यावर ज्या गाडीची संख्या मोठी, तिची दुरुस्ती स्वस्त, हा नियम या उदाहरणावरून जितका स्पष्ट होतो तितका अन्य कोणत्याही भारतीय मोटारीवरून होत नाही.

यांत्रिक घटक : झडपांची उघडझाप आणि दट्ट्याची हालचाल यांचा मेळ राखणारा टायमिंग बेल्ट ठरावीक अंतरानंतर बदलावाच लागतो, तो चालू गाडीत तुटल्यास बऱ्याच इंजिनांत दट्ट्या झडपांवर आदळून मोठी मोडतोड होते. साखळी असलेल्या इंजिनात हा नियमित खर्च नसतो, पण साखळी सैल पडल्यास मजुरी अधिक लागते. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत क्लचप्लेट झिजते, ती कोणताही जाणता मिस्त्री बदलू शकतो. दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरपेटीला मात्र विशेष उपकरणे लागतात आणि तिच्या नियंत्रक भागाची किंमत जुन्या गाडीच्या मूल्याच्या मानाने फार मोठी ठरू शकते. डिझेल मोटारीचे उच्च दाबाचे इंजेक्टर व टर्बोचार्जर महाग असतात. १ एप्रिल २०२० पासून उत्सर्जनाचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर आला; शहरातल्या शहरात थोडेच अंतर चालणाऱ्या गाडीत तो तुंबण्याचा संभव असतो, म्हणून अशा वापरासाठी साधे पेट्रोल इंजिनच योग्य होय.

स्पर्धा आयोगाचा आदेश : भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला. मूळ सुटे भाग खुल्या बाजारात विकण्यापासून पुरवठादारांना रोखणे, दोषशोधक उपकरणे व दुरुस्तीची माहितीपुस्तके स्वतंत्र गॅरेजांना न देणे आणि बाहेर दुरुस्ती केल्यास हमी नाकारणे, हे आक्षेपांचे मुख्य मुद्दे होते. मोटार एकदा घेतली की तिच्या भागांसाठी ग्राहक त्याच कंपनीशी बांधला जातो, म्हणून स्वतःच्या सुट्या भागांच्या बाजारात प्रत्येक कंपनीचे वर्चस्व असते, असे आयोगाने मानले; सामान्य मोटारमालकाची अडचण इतक्या नेमकेपणाने मांडणारा दस्तऐवज भारतात विरळाच. कंपन्यांनी आदेशाला आव्हान दिले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी सुरू केलेल्या संकेतस्थळात मोटारींचाही अंतर्भाव आहे.

विमा : सर्वसमावेशक विम्यातही नुकसानभरपाईतून भागांचा घसारा वजा होतो. रबर, नायलॉन व प्लॅस्टिकचे भाग, टायर आणि बॅटरी यांवर तो ५० टक्के धरतात, काचेवर धरत नाहीत. धातूच्या भागांवर तो गाडीच्या वयानुसार वाढत जाऊन १० वर्षांनंतर ५० टक्के होतो. आजच्या मोटारींचे बंपर प्लॅस्टिकचे असल्याने किरकोळ धडकेतही मालकाच्या खिशाला झळ बसते. शून्य घसाऱ्याची जोडपॉलिसी हा भार बराचसा उचलते.

विजेवरील मोटारी : बॅटरीसंच हा सर्वांत खर्चिक भाग, त्यावर बहुधा ८ वर्षांची हमी असते.

जुनी मोटार : सर्व्हिसच्या नोंदी नसलेली महागड्या बनावटीची स्वस्त गाडी घेण्यापेक्षा नोंदी असलेली, मोठ्या संख्येने खपलेली छोटी पेट्रोल गाडी श्रेयस्कर. सौदा करण्यापूर्वी क्लचसंच, हेडलॅम्प, बंपर आणि इंजिनाचे नियंत्रक यंत्र या चार भागांचे दर त्याच गावातील दुकानातून विचारून घ्यावेत.