खो, खांब आणि शाळेचा दाखला

खो-खो म्हणजे नुसती पळापळ, असं समजणारे आमच्या घरातही आहेत. (काका, तुम्हालाच म्हणतोय!) पण आक्रमणाची जेवढी आखणी या खेळात लागते तेवढी कबड्डीतही लागत नाही, हे माझं ठाम मत.

1914 साली पुण्यात डेक्कन जिमखान्यावर या खेळाचे नियम लेखी बांधायला घेतले. खेळ त्याआधीचाच, पण खरी गंमत नियमांनी आणली. आठ जण मधल्या पाटीवर आलटून पालटून उलट्या दिशांना तोंड करून बसणार, नववा धावणार. त्याला पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा घेतलेली दिशा खांब येईपर्यंत बदलता येत नाही. पळणारा मात्र मोकळा. बसलेल्यांमधून नागमोडी साखळी धरून पळत राहतो. म्हणजे एकट्याने कितीही जोरात धावा, उपयोग शून्य. मग युक्त्या निघाल्या. खो मुद्दाम उशिरा द्यायचा, देतोय असं दाखवून हूल द्यायची, पळणाऱ्याला ढकलत ढकलत खांबाकडे न्यायचा. तिथे एक उंच, लांब हाताचा गडी उभ्या खांबाला धरून सूर मारतो आणि टिपतो.

पण तो सूर आधीच्या चार खोंवर उभा असतो. कोण कुठल्या क्षणी उठेल हे बसलेल्याला पाठीनेच कळावं लागतं, आणि त्याला वर्षं लागतात.

आता आमच्या नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावसारख्या गावात काय होतं, ते सांगतो. पाचवीपासून तीच पोरं एकत्र खेळतात. आठवी-नववीत संघ तालुका जिंकून जिल्ह्याला जातो. तिथे कुणीतरी खांबावरचा पोरगा हेरतं. वसतिगृह, बूट, जेवण, सगळं देऊ म्हणतात. जूनमध्ये वडील येऊन दाखला काढतात, आणि शालेय स्पर्धेत ज्या शाळेच्या पटावर नाव त्याच शाळेकडून खेळायचं, त्यामुळे पुढच्या वर्षी तोच पोरगा समोरच्या संघात!

वडिलांना काय बोलणार? दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. कोरडवाहू तालुक्यातल्या घराला हे आकडे चांगले कळतात. मी त्यांच्या जागी असतो तर मीही दाखला काढला असता.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पोराला तीन-चार वर्षं मातीत घडवणाऱ्या पहिल्या सरांचं नाव कुठल्याच प्रमाणपत्रावर नसतं. पहिल्या शाळेचा निदान उल्लेख तरी असावा, एवढं क्रीडा खात्याला जमायला हरकत नाही.

असो. 2022 मध्ये अल्टिमेट खो-खो आलं. मॅट, सात-सातचे संघ, आणि कुठल्याही दिशेला वळू शकणारा 'वझीर'. शंभर वर्षांचं बंधन एका गड्यापुरतं सुटलं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे! आम्ही घरात ओरडून घसा बसवला.

आणि खांबावरचा गडी गेलेल्या शाळेत काय होतं? सर सातवीतल्या एखाद्याला खांबापाशी उभं करतात. हात जरा आखूड असतात त्याचे. बाकीचे आठ जण पहिले दोन महिने जुन्याच अंदाजाने खो देतात आणि गडी सुटत राहतो.