किल्ल्यावरचे महाराज पारखताना

दिवाळी आली की पोरं अंगणात किल्ला रचतात, आणि मग हट्ट सुरू होतो महाराजांचा आणि मावळ्यांचा. आपल्या माणगावकडे तर किल्ला म्हणजे रायगडच. शेजारच्या महाड तालुक्यात तो उभा आहे. 1674 साली राज्याभिषेक तिथेच झाला.

चित्र घेताना आधी उलटं करा. तळाला नखानं खरवडा. पांढरी भुकटी आली तर प्लास्टर, मातकट आली तर माती. साच्याचा सांधा कानामागून खाली येतो, तो घासलेला हवा. ओलं बोट फिरवून रंग सुटतो का तेही बघा. फळीवर डुगडुगणारा मावळा किल्ल्यावर काय उभा राहणार!

पण खरी पारख चेहऱ्याची. बाजारातले बहुतेक महाराज भुवया ताणून रागावलेले. 1664 साली महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा तिथल्या इंग्रज वखारीत एस्कॅलिऑट नावाचा पाद्री होता. महाराजांना पाहिलेल्या लोकांकडून ऐकून त्यानं पत्रात लिहिलं: उंची बेताची, अंग ताठ नि बांधेसूद, नजर भेदक, आणि बोलताना चेहऱ्यावर हसू. ही काही भाटाची स्तुती नव्हे. स्वारीची धास्ती घेतलेल्या वखारीतलं हे लिहिणं.

म्हणून मी दुकानात हसरे महाराज मागते. गेल्या वर्षी एकच मिळाले. घोड्याचा कान तुटका होता, तरी घेतले.