सोळा आणे

रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे. १ एप्रिल १९५७ पासून त्याचे १०० नवे पैसे झाले. आणा म्हणजे सहा नवे पैसे, पण चार आण्यांचे पंचवीस! सुटे चार आणे मोडले की चोवीसच भरायचे. उरलेला एक पैसा कुठं गेला, हे आमच्या आजीला शेवटपर्यंत पटलं नाही. २०११ साली चार आण्यांचं नाणंही चलनातून गेलं. आणा मात्र शेतात राहिला. सरकारी कागदावर 'पैसेवारी', गावच्या तोंडी 'आणेवारी'च. ती पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळाची सवलत मिळायची. एकावन्न लागली की संपलं. आजीचा पैसा हरवला होता, इथं एका पैशावर गावाचं वर्ष जायचं. तरी पेरताना तोंडात एकच, पीक सोळा आणे येऊ दे.