कोयता, वई आणि सरपण

पुण्यामुंबईच्या घरांतून जोंवर चुली पेटत होत्या तोंवर सरपण म्हणजे वखारीवरून मणाच्या हिशोबानें आणावयाची वस्तु, एवढेंच शहरवासीयांस ठाऊक असे. आणि कुंपण म्हणजे शेताच्या कडेला रचलेल्या बोरीबाभळीच्या कांटेरी फांद्या. या दोन वस्तूंचा एकमेकींशीं कांहीं ऋणानुबंध असेल, ही कल्पना सहसा कुणाच्या मनांत येत नाहीं. इंग्लंडच्या खेड्यांत मात्र हीं दोन्हीं एकाच हत्यारानें, एकाच झाडापासून आणि बहुधा एकाच दिवशीं निघत. आणि त्यांच्यावरून तेथें माणसें मेलीं आहेत.

आपलें बाभळीचें कुंपण हें मेलेलें कुंपण. त्याला वाळवी लागते, तें दबतें, आणि पुन्हा नवें घालावें लागतें. इंग्लंडांतील वई जिवंत असते. पण झाडांची रांग लावली म्हणजे वई झाली असें नाहीं. झाड उंच वाढत जातें, त्याच्या बुडाशीं पालवी राहत नाहीं, आणि मेंढरूं त्या पोकळींतून खुशाल पलीकडे जातें. यासाठीं वई आडवी घालावी लागते, आणि ही आडवी घालण्याची विद्या फार जुनी आहे. ज्यूलिअस सीझरानें इ. स. पूर्व ५७ मध्यें आजच्या बेल्जमच्या भागांत नर्व्ही नांवाच्या लोकांशीं युद्ध केलें. त्या लोकांपाशीं घोडदळ नव्हतें. शेजाऱ्यांच्या घोडेस्वारांना अडविण्यासाठीं ते कोंवळीं झाडें अर्धवट छेदून वांकवीत, त्यांच्या आडव्या फांद्यांत कांटेरी झुडपें वाढवीत, आणि अशी भिंत उभी करीत कीं तिच्यांतून जाणें तर राहोच, पलीकडचें दिसतहि नसे. सीझरानें हें स्वतःच्या युद्धवृत्तांतांत नमूद केलें आहे.

आतां प्रत्यक्ष कृति पाहूं. काम हिवाळ्यांतलें, पानें झडलेलीं, झाडाचा रस खालीं उतरलेला. हॉथॉर्न नांवाच्या कांटेरी झाडाची दहाबारा फूट वाढलेली रांग समोर आहे. शेतकरी खोडाला जमिनीलगत तिरपा, खालच्या दिशेनें जाणारा घाव घालतो. घाव तीन चतुर्थांशांहून अधिक खोल जातो. उरते ती साल आणि तिच्या आंतल्या लांकडाची एक पातळ पट्टी. त्या पट्टीवर झाड वांकतें, मोडत नाहीं, आणि शेजारच्या झाडावर तिरपें पडतें. नवख्याला हें पाहून झाड मारलें असेंच वाटावें! परंतु मुळांतला रस त्याच पट्टींतून वर चढतो आणि वसंतांत निजलेल्या झाडाला पालवी फुटते. खरी मेख मात्र खालच्या खुंटांत आहे. त्याच्या तोडीवर पाणी सांचून कुजूं नये म्हणून ती स्वच्छ आणि उतरती तासावी लागते; मग त्या खुंटांतून सरळ धुमारे निघतात, आणि तेच वईचें बूड दाट करतात. निजविलेल्या झाडांमधून हातहातभर अंतरावर सोट ठोकतात आणि माथ्यावर हेझलच्या लवचिक काठ्या वेणीसारख्या गुंफतात. पंधरावीस वर्षांनीं पुन्हा तोच घाव, तीच वेणी. लेस्टरशायरकडे बैलांचे कळप, म्हणून तेथली वई उंच व भक्कम, आणि फांद्यांचा झुपका जनावरांच्या बाजूस. वेल्सच्या डोंगरांत मेंढ्या, म्हणून तेथें ती बुटकी आणि दाट.

या साऱ्या कामाचें मुख्य हत्यार म्हणजे बिलहुक. आपल्या कोयत्याचाच हा विलायती भाऊबंद समजावा: रुंद पातें, टोंकाशीं आंत वळलेली चोंच. यॉर्कशायरचा कोयता दुधारी आणि लांब दांड्याचा, तर दुसरीकडे तो आखूड मुठीचा. पूर्वीं गांवचा लोहार आपल्या भागांतल्या झाडांच्या मानानें पातें घडवी. पुढें शेफील्ड व बर्मिंगहॅमच्या कारखान्यांनीं तो धंदा हातीं घेतला, तेव्हां त्यांनाहि हे निरनिराळे प्रादेशिक नमुने किंमतपत्रकांत ठेवावे लागले. ज्या कारखानदारांनीं इतर हजार वस्तु एका सांच्यांत ओतल्या, त्यांना शेतकऱ्याच्या मनगटाच्या संवयीपुढें मान तुकवावी लागली, याची मला मोठी मौज वाटते.

वई घालतांना पुष्कळच लांकूड छाटावें लागतें, तेंच सरपण. बारीक काटक्यांच्या मोळ्या बांधावयाच्या, आणि बांधावयास दोरी नव्हे, तर हेझलची पिळलेली ओली काठी. या मोळ्या पाव भाजण्याच्या विटांच्या भट्टींत थेट आंतच पेटवीत. भट्टीचा घुमट तापला कीं निखारे व राख ओढून काढीत आणि तापल्या विटांवर पाव ठेवीत. बोटाएवढ्या काटकीची आंच झपाट्यानें चढते, म्हणून या कामाला मोठा ओंडका उपयोगाचा नसे. जाड लांकूड करवतीनें कापून, लोखंडी पाचर आणि लांकडी मोगर यांनीं फोडून, सावलींत वारा लागेल असें रचून ठेवीत. ॲश नांवाच्या झाडाचें लांकूड तेवढें ओलें असतांहि बऱ्यापैकीं जळतें, कारण त्यांत मुळांतच पाणी कमी. बाकीच्यांना निदान एक उन्हाळा दाखवावाच लागतो.

पण ज्याच्यापाशीं वईच नाहीं, त्यानें सरपण कोठून आणावें? याचें उत्तर जुन्या इंग्रजी कायद्यांत होतें. गांवच्या सामाईक रानांतून लांकूड घेण्याचा हक्क रहिवाशांना असे आणि त्याला तीन वेगवेगळीं नांवें होतीं: एक चुलीच्या लांकडाचा हक्क, दुसरा घराच्या व नांगराच्या लांकडाचा, आणि तिसरा कुंपणाच्या लांकडाचा. १२१७ मध्यें बाल राजा तिसरा हेन्री याच्या नांवें निघालेल्या वनांच्या सनदेनें राजाच्या रानांतील असे रूढ हक्क मान्य केले होते.

मग जमिनी बंदिस्त होऊं लागल्या. सामाईक कुरण व रान मोडून त्याचे खासगी तुकडे पाडावयाचे आणि प्रत्येक तुकड्याला वई घालावयाची, असा हा उद्योग. १६०४ ते १९१४ या काळांत यासाठीं पार्लमेंटांत सुमारें ५,२०० विधेयकें आलीं आणि सुमारें ६८ लक्ष एकर, म्हणजे इंग्लंडच्या जमिनीचा जवळजवळ पांचवा हिस्सा, त्यांखालीं आला. ज्याला तुकडा मिळे, त्यानें ठरलेल्या मुदतींत स्वतःच्या खर्चानें तो बंदिस्त केला पाहिजे, अशी अट सामान्यतः असे. वरवर पाहतां ती सर्वांना सारखी! पण थोडें गणित करा. १ एकराच्या चौरस तुकड्याला सुमारें २७८ यार्ड वई लागते. १०० एकरांच्या चौरसाला २,७८३ यार्ड, म्हणजे एकरीं २८. गरिबाला एकरामागें श्रीमंताच्या दसपट कुंपण. त्यांतून कोंवळीं रोपें गुरांनीं खाऊं नयेत म्हणून दोन्ही अंगांनीं लांकडी कठडा हवा. आणि तें लांकूड ज्या रानांतून आणावयाचें, तेंच बंदिस्त झालेलें. पुष्कळ लहान खातेदारांनीं मिळालेला तुकडा विकून टाकला, यांत आश्चर्य काय? ज्याला तुकडाहि मिळाला नाहीं, त्यानें रात्रीं दुसऱ्याची वई मोडून चूल पेटविली. १६०१ च्या एका कायद्यानें वई मोडून जो भरपाई देऊं शकणार नाहीं, त्याला फटक्यांची शिक्षा सांगितली आहे. थंडींत काटक्या चोरणाऱ्यापाशीं भरपाईला पैसे असणार कोठून, याचा विचार कायदा करणाऱ्यांनीं केलेला दिसत नाहीं.

१६०७ च्या उन्हाळ्यांत नॉर्दम्प्टनशायर, वॉरिकशायर आणि लेस्टरशायर या परगण्यांत खेडूत उठले. त्यांनीं वया उपटल्या, चर बुजविले. त्यांचा पुढारी जॉन रेनॉल्ड्स आपल्या कमरेच्या बटव्यांत तुमचें रक्षण करणारी वस्तु आहे असें लोकांना सांगे. पकडल्यावर बटवा उघडला तों आंत चीजचा एक तुकडा निघाला, असें तत्कालीन वृत्तांत सांगतो. ८ जून रोजीं न्यूटन गांवाजवळ जमीनदारांच्या माणसांनीं चाळीसपन्नास लोक ठार केले. रेनॉल्ड्सला फांशीं दिलें.

सव्वादोनशें वर्षांनंतर, सप्टेंबर १८३० मध्यें, ऑक्सफर्डजवळच्या ऑटमूर येथें सुमारें हजार लोकांनीं भरदिवसा सात मैलांची सीमा चालत जाऊन वाटेंतलें प्रत्येक कुंपण मोडलें. कैद्यांना घेऊन शिपाई ऑक्सफर्डांत शिरले, तेव्हां तेथें सेंट जाइल्सची जत्रा भरलेली होती. जत्रेंतल्या गर्दीनें शिपायांवर दगड-विटांचा वर्षाव करून सारे कैदी सोडविले.

इंग्रजांच्या एका वईशीं आपलाहि संबंध आला होता. मिठावरील जकात बुडूं नये म्हणून सिंधूपासून बऱ्हाणपुरावरून महानदीपर्यंत त्यांनीं जकातीची रेषा आंखली, आणि तिच्यावर शेंकडों मैल कांटेरी कुंपण घातलें. १८६७ मध्यें त्या खात्याचा कारभार ॲलन ह्यूम यांच्याकडे आला. हेच ह्यूम पुढें १८८५ च्या काँग्रेसचे एक संस्थापक. कोरड्या कुंपणाच्या एका मैलाला २५० टन कांटे वाहून आणावे लागतात, असा हिशोब त्यांनीं मांडला आणि बोर, बाभूळ, करवंद व निवडुंग यांची जिवंत वई वाढविण्याचा सपाटा लावला. ती रेषा १ एप्रिल १८७९ रोजीं रद्द झाली. तिची कथा स्वतंत्र भाषणाची आहे.

विलायतेंत पुढें कांटेरी तार आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मोठीं यंत्रें फिरावींत म्हणून शेतकऱ्यांनीं स्वतःच हजारों मैल वया उपटल्या. या वेळीं फटके कुणालाच बसले नाहींत; उलट सरकारनें त्याला अनुदानहि दिलें. उरलेल्या वया वांचविण्यासाठीं १९९७ सालीं नियम करावे लागले. वई घालण्याची कला टिकावी म्हणून १९७८ पासून तेथें एक राष्ट्रीय संस्था काम करीत आहे. हिवाळ्यांत तिच्या स्पर्धा भरतात आणि लेस्टरशायरचा, वेल्सचा असे जुने प्रकार अजूनहि वेगवेगळे जोखले जातात. सरपणालाहि आतां नवा कायदा आहे. १ मे २०२१ पासून इंग्लंडांत २ घनमीटरांहून कमी जळाऊ लांकूड विकावयाचें तर त्यांत पाण्याचा अंश शेंकडा २० हून अधिक असतां कामा नये. हा नियम विकणाऱ्याला आहे. स्वतःच्या वईचें लांकूड स्वतःच फोडून, उन्हाळाभर रचून ठेवून जाळणाऱ्याला तो लागू नाहीं.