हरवलेल्या स्वरलिपीची कथा

पाश्चात्त्य अभिजात संगीतात कागदाला फार मोठे स्थान आहे. आपल्याकडील बंदिश गुरुमुखातून शिष्याच्या कंठात उतरते आणि तेथेच टिकते. तिकडील वाद्यवृंदात मात्र प्रत्येक वादकासमोर त्याचे लिखित पान असावे लागते. ते पान हरवले, की रचना मुकी होते. १९७० साली अशीच एक रचना मुकी झाली आणि जवळजवळ तीस वर्षांनी एका ध्वनिमुद्रिकेने तिला पुन्हा वाचा दिली.

ही रचना म्हणजे जॉन लॉर्ड यांचा ‘कॉन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’. लॉर्ड यांचा जन्म १९४१ साली इंग्लंडमधील लेस्टर येथे झाला. लहानपणी त्यांनी पियानोचे अभिजात शिक्षण घेतले; पुढे ते ‘डीप पर्पल’ या रॉक संगीताच्या संचात हॅमंड ऑर्गन वाजवू लागले. कॉन्चेर्टो या प्रकारात एक प्रमुख वाद्य आणि संपूर्ण वाद्यवृंद यांचा संवाद असतो. लॉर्ड यांनी त्या एका वाद्याच्या जागी आपला पाच जणांचा संच बसविण्याचे योजिले. संचाचे व्यवस्थापक टोनी एडवर्ड्स यांनी लंडनचे रॉयल अल्बर्ट हॉल हे सभागृह ठरवून टाकले, आणि लॉर्ड यांना ठरल्या तारखेपूर्वी लेखन पुरे करणे भाग पडले.

वाद्यवृंद होता रॉयल फिलहार्मोनिक, आणि संचालक होते माल्कम अर्नल्ड. ‘ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या चित्रपटाच्या संगीताबद्दल ऑस्कर मिळविलेला हा प्रतिष्ठित रचनाकार या तरुणांच्या पाठीशी उभा राहिला, हे या प्रयोगाचे मोठेच भाग्य होय. वृंदातील काही वादकांना विजेच्या गिटारींशेजारी बसणे कमीपणाचे वाटत होते आणि सरावाच्या वेळी ती नाराजी लपून राहिली नाही. अर्नल्ड यांनी त्यांना खडसावून कामाला लाविले.

२४ सप्टेंबर १९६९ रोजी हा प्रयोग झाला. त्याच कार्यक्रमात अर्नल्ड यांची सहावी सिंफनीही वाजविण्यात आली. कॉन्चेर्टोचे तीन खंड आहेत. पहिल्यात वाद्यवृंद आणि संच प्रतिस्पर्ध्यांसारखे समोरासमोर उभे राहतात. दुसऱ्या, संथ खंडात इयन गिलन यांचे गायन येते आणि वैर ओसरू लागते. तिसऱ्यात दोन्ही पक्ष एकत्र येतात. इयन पेस यांचे दीर्घ एकल ड्रमवादनही याच खंडात आहे. या मैफलीची ध्वनिमुद्रिका अमेरिकेत १९६९ च्या डिसेंबरात आणि इंग्लंडमध्ये १९७० च्या जानेवारीत निघाली.

प्रयोग गाजला, पण त्यावर सर्वांचे एकमत झाले नाही. खुद्द गिटारवादक रिची ब्लॅकमोर यांना वाद्यवृंदाची सोबत नको होती. १९७० साली ‘इन रॉक’ या ध्वनिमुद्रिकेने संचाने आपली दिशा निश्चित केली. तीत वाद्यवृंदाला जागा नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉस अँजेलिसच्या हॉलिवूड बोल येथे कॉन्चेर्टो पुन्हा एकदा वाजला आणि त्यानंतर त्याची स्वरलिपी कोठे गेली, याचा पत्ता लागला नाही.

पुढे मार्को द खुय या डच संगीतरचनाकाराने हे काम अंगावर घेतले. जवळ साधने दोनच: मैफलीची ध्वनिमुद्रिका आणि तिचे चित्रीकरण. वाद्यवृंद एकटा वाजत असेल तेथे स्वर टिपणे त्या मानाने सोपे. परंतु गिटार आणि ड्रम यांच्या गर्जनेखाली व्हियोला किंवा बसून काय वाजवीत आहे, हे ओळखणे महाकठीण. ते तुकडे पुनःपुन्हा ऐकून त्यांनी पानामागून पान उभे केले; उरलेल्या जागा भरण्यास आणि पडताळा पाहण्यास स्वतः लॉर्ड आणि वृंदसंचालक पॉल मान यांनी साहाय्य केले. अखेर सप्टेंबर १९९९ मध्ये त्याच अल्बर्ट हॉलमध्ये, या वेळी लंडन सिंफनी वाद्यवृंदासह, तीस वर्षांनी कॉन्चेर्टो पुन्हा वाजला. ब्लॅकमोर यांच्या जागी आता स्टीव्ह मॉर्स होते.

ध्वनिमुद्रिका ही मैफलीची आठवण म्हणून निघते. मूळ ग्रंथाची जागा ती घेईल, असे कोणी धरीत नाही. येथे मात्र तिने ते काम केले. शिष्याने गुरूकडून चीज ऐकून उचलावी, तशी ही पाश्चात्त्य रचना कानांवाटे पुन्हा कागदावर आली. लॉर्ड यांनी तिच्यावर पुढेही संस्कार केले आणि तिचे स्टुडिओतील पहिले ध्वनिमुद्रण करविले. ते २०१२ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाले. तत्पूर्वी जुलैमध्येच लॉर्ड यांचे निधन झाले होते. त्यांच्या रचनेला मात्र आता पुन्हा लिखित पान मिळाले होते, आणि कोणत्याही वाद्यवृंदाला ते उघडून वाजविता येणार होते.