एफआरपीचा निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने, मग उसाचे पैसे अडकतात कुठे?

मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च २०२५ रोजी उसाची एफआरपी दोन टप्प्यांत देण्याचा राज्य सरकारचा निर्णय रद्द केला. शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी त्याविरोधात याचिका केली होती. सातारा आणि सांगलीतल्या ऊस उत्पादकांसाठी हा मोठा दिलासा होता. पण निकाल लागला म्हणजे पैसे खात्यात जमा झाले, असं होत नाही. का ते समजून घेऊ.

वाद काय होता?

एफआरपी म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर. केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत ही रक्कम द्यावी लागते. उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज लागतं. म्हणजे एक लाख रुपये ९० दिवस थकले, तर व्याज साधारण ३,७०० रुपये.

राज्याने २१ फेब्रुवारी २०२२ रोजी वेगळा निर्णय काढला. पुणे आणि नाशिक महसूल विभागांत पहिला हप्ता १० टक्के पायाभूत उताऱ्यावर आणि उरलेली रक्कम हंगाम संपल्यावर, असं ठरलं. सातारा, सांगली पुणे विभागातच येतात. केंद्राच्या आदेशात असा बदल करण्याचा अधिकार राज्याला नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

मग वसुली कशी होते?

न्यायालयाने रद्द केला तो सरकारी निर्णय. एखाद्या कारखान्याची थकबाकी त्यातून आपोआप वसूल होत नाही. त्यासाठी साखर आयुक्तांना महसुली वसुली प्रमाणपत्र, म्हणजे 'आरआरसी' काढावं लागतं. त्यानंतर जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे कारखान्याची मालमत्ता जप्त करू शकतात.

खरी अडचण कुठे?

कारखाने गोदामातली साखर बँकेकडे तारण ठेवून कर्ज घेतात. सेंट्रल बँक ऑफ इंडिया विरुद्ध सिरिगुप्पा शुगर्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केलं, की तारण साखरेवर पहिला हक्क बँकेचा. ऊस उत्पादकांची देणी त्यानंतर. म्हणजे आरआरसी हातात असली आणि गोदाम भरलेलं दिसलं, तरी त्या साखरेच्या विक्रीतून आधी बँकेचं कर्ज फिटतं.

सरकारी कर्जाचं काय?

केंद्राने २०१४ मध्ये बिनव्याजी कर्जाची आणि २०१५ मध्ये ६,००० कोटींच्या सवलतीच्या कर्जाची योजना आणली. २०१५ च्या योजनेत पैसे बँकेतून थेट शेतकऱ्यांच्या खात्यात जमा करण्याची अट होती. त्यातून थकीत बिलं निघतात, पण कारखान्याच्या डोक्यावर नवं कर्ज चढतं. पुढच्या हंगामात आधी तेही फेडायचं असतं.

शेतकऱ्याने काय करावं?

वजनाच्या पावत्या आणि ऊसबिलं जपून ठेवा. १४ दिवस उलटल्यावर प्रादेशिक साखर सहसंचालकांकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. सांगलीसाठी हे कार्यालय कोल्हापूरला, तर साताऱ्यासाठी पुण्याला आहे. तक्रारीत मुद्दलाबरोबर १५ टक्के व्याजही मागा. आणि उशीर करू नका, कारण गोदामातली साखर विकली गेली, की जप्त करण्यासारखं फारसं उरत नाही.