खाऱ्या तळ्यातील ऊन

उन्हाळ्यात विहिरीत बुडी मारली की वरचे पाणी कोमट आणि खालचे गार लागते. हा आपला नेहमीचा अनुभव. तापलेले पाणी हलके होते, वर येते आणि आपली ऊब रात्री हवेला देऊन टाकते. पण तळ कढत आणि वरचे पाणी थंड, असे तळे कोणी सांगितले, तर आपण त्याला वेड्यात काढू. नाही का?

असे तळे खरोखरीच आहे. ट्रान्सिल्वानियात सोवाता गावी मेद्वे नावाचे खारे सरोवर आहे. तो मुलूख त्या काळी हंगेरीत होता, आता रुमानियात आहे. १९०२ साली कालेचिन्स्की यांनी त्याची मोजमापे प्रसिद्ध केली. उन्हाळ्याच्या अखेरीस सव्वा मीटर खोलीवर पाणी सुमारे ७० अंश सेल्सियसपर्यंत तापलेले होते! कारण साधे. खालचे पाणी मिठाने इतके जड की तापले तरी वर येत नाही. वरचे गोडसर पाणी गोधडीसारखे पांघरूण घालते.

पुढे १९४८ मध्ये रुडॉल्फ ब्लॉक यांनी असे तळे मुद्दाम बांधण्याची कल्पना मांडली, आणि हॅरी ताबोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्रायलमध्ये तिचे प्रयोग केले. पण तळे किती तापेल, हे खोदण्यापूर्वी कसे कळावे? १९६४ साली वाइनबर्गर यांनी त्याचे गणित मांडले. १९७५ मध्ये राबल आणि नील्सन यांनी तळाशी ढवळता राहणारा, उष्णता साठवणारा जाड थर हिशेबात धरला.

हे गणित म्हणजे घरच्या जमाखर्चासारखेच आहे, बरं का. दिवसरात्रीची सरासरी धरली, तर एका चौरस मीटरवर सुमारे २१० वॅट ऊन पडते असे समजू. मीटरभर पाण्यातून त्याचा साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे ७० वॅट, तळाशी पोहोचतो. ही झाली जमा. वरखाली ५० अंशांचा फरक असला, तर मीटरभर थरातून सुमारे ३० वॅट वर निसटतात. हा खर्च. उरले ४०, त्यातून जमिनीत मुरणारी उष्णता वजा करा. पांघरूण जाड केले तर गळती घटते, पण ऊनही कमी पोहोचते. मेख आहे ती इथे!

आणि शिल्लक वापरलीच नाही तर? तापमान चढतच जाते. कच्छमध्ये भूज येथे दुग्धशाळेसाठी ६००० चौरस मीटरचे तळे बांधले. काम १९८७ मध्ये सुरू झाले. उष्णता काढली जात नव्हती, तेव्हा मे १९९१ मध्ये तळाचे पाणी ९९.८ अंशांवर गेले. त्या तळ्याला गळतीनेही सतावले आणि अस्तराचा विचार नव्याने करावा लागला. तरीही सप्टेंबर १९९३ ते एप्रिल १९९५ या काळात दुग्धशाळेला सुमारे ७५ अंशांचे दीड कोटी लिटर पाणी त्यातून मिळाले. आज ते तळे चालू नाही. पण ऊन किती मिळेल, याबरोबरच ते रोज कोण वापरील आणि तळ धरील का, हेही हिशेबात हवे, एवढा धडा त्याने दिला.

शिक्षक बंधुभगिनींनी हा जमाखर्च फळ्यावर जरूर मांडावा. मुलांना त्रैराशिकही येईल, आणि सूर्यही थोडा जवळचा वाटेल.